रस्त्यातील सायकलस्वाराचा वाटा

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद शहरातील उद्योजक व व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. हा व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील मोठा हिस्सा सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेने अल्प व्याजदराने दिलेल्या कर्जातून उभा राहिला होता. मागासलेला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यातील एका शहराने हे धाडस केले, याचे देशभर कौतुक झाले. त्या कौतुकात गैर काही नव्हते. उद्योजकाने कमवावे आणि आपल्या कमाईतून मोटार घ्यावी, यावर आक्षेप घेण्याचे कोणालाच कारण नाही.

त्याच सुमारास याच शहरातून दुसऱ्या एका वाहनाची व्यवस्था होऊ लागली होती. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाचे आयुक्तालय याच शहरात आहे. राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून दूर राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल देण्याची योजना या कार्यक्रमातून राबविली गेली. या सायकलींची बातमी देशभर गाजली नाही. परंतु गावापासून चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत रोज जाऊ शकणारी मुलगी आणि सातवीनंतर घरी बसविली जाणारी मुलगी यांच्यातले अंतर पुष्कळ ठिकाणी एका सायकलीइतकेच असते, हे ग्रामीण भागात शिकविणारा कोणताही शिक्षक सांगेल.

ही मुलगी बारावी होते आणि पुढील शिक्षणासाठी शहरात येते. तिची सायकल आणि ती मर्सिडीज आता एकाच रस्त्यावर असतात. शासनाने तिला सायकल दिली, बँकेने मोटारमालकाला कर्ज दिले, आणि दोघांना चालण्यासाठी रस्ता मात्र महापालिकेने दिला. या रस्त्यात कोणाचा वाटा किती, हा प्रश्न वरकरणी वाहतूक पोलिसांचा किंवा अभियंत्यांचा वाटतो. वास्तविक तो सार्वजनिक संपत्तीच्या वाटपाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न अशा स्वरूपात दीर्घकाळ मांडणारे एक गृहस्थ म्हणजे पुण्याचे सुजित पटवर्धन होत. त्यांच्या कामात यश किती आले आणि अपयश किती, हे पाहणे छत्रपती संभाजीनगरच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे.

मुद्रकाची चळवळ

पटवर्धन हे व्यवसायाने मुद्रक. नगररचनेची किंवा वाहतूकशास्त्राची पदवी घेऊन ते या क्षेत्रात आले नाहीत. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी पुण्यात काही समविचारी मंडळींनी 'परिसर' ही संस्था स्थापन केली. तिच्या संस्थापकांपैकी ते एक. पर्यावरण हा शब्द तेव्हा नुकताच मराठी वर्तमानपत्रांत रूढ होऊ लागला होता. झाडे, टेकड्या, नद्या यांचे रक्षण हा अशा संस्थांचा स्वाभाविक विषय असे आणि 'परिसर'चाही तो होताच. परंतु झाडे कशासाठी तोडली जातात, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा रस्तारुंदी असे येई. रस्ता कशासाठी रुंद करावयाचा, असे विचारले की उत्तर येई, वाहने वाढली म्हणून. आणि वाहने का वाढली, असे विचारले की मग बससेवेची दुर्दशा, सायकलस्वाराची असुरक्षितता आणि पादचाऱ्याची उपेक्षा यांपाशी येऊन थांबावे लागे. झाडापासून निघालेला विचार अशा रीतीने वाहतुकीपाशी आणि तेथून सामाजिक न्यायापाशी येऊन पोहोचतो. 'परिसर'च्या कार्याची वाटचाल साधारणतः याच दिशेने झालेली दिसते.

त्या काळचे पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ख्यातनाम होते. प्राध्यापक, कारकून, कारखान्यातील कामगार, महाविद्यालयीन मुली सर्वच सायकलीवरून जात. सायकल हे कोणा एका वर्गाचे वाहन नव्हते, आणि म्हणूनच तिच्यासाठी वेगळी चळवळ करावी असे कोणास वाटतही नव्हते. जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही, असा व्यवहारातला अनुभव आहे. शहर पसरू लागले, घर आणि कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढले, बससेवा लोकसंख्येच्या मानाने अपुरी पडत गेली आणि हप्त्याने मिळणाऱ्या दुचाकीने ही पोकळी भरून काढली. ज्याला शक्य झाले तो सायकलवरून उतरला. ज्याला शक्य झाले नाही तो रस्त्यावरच राहिला, पण आता त्याच्या बाजूने बोलणारा सुशिक्षित शेजारी त्याच्याबरोबर उरला नाही. सायकलची अवनती ही अशी दुहेरी होती. तिचे चालक घटले, आणि जे उरले त्यांचा आवाज त्याहून अधिक घटला.

पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी जे केले त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. उड्डाणपूल आणि रस्तारुंदी यांनी वाहतुकीची कोंडी कायमची सुटत नाही. नव्या जागेत नवी वाहने येतात आणि काही काळाने कोंडी पूर्ववत होते, हे ते सातत्याने सांगत राहिले. प्रथम पादचारी, मग सायकलस्वार, मग बस आणि शेवटी खासगी मोटार असा रस्त्याचा अग्रक्रम असला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. रस्त्याच्या कडेला फुकट मोटार उभी करू देणे हे मोटारमालकाला दिलेले अनुदानच होय, हा मुद्दा महापालिकेच्या सभागृहापर्यंत नेण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. पुढे रणजित गाडगीळ यांच्यासारखे पुढच्या पिढीचे कार्यकर्ते संस्थेत आले आणि निवेदने, अभ्यास, आराखड्यांवरील हरकती, समित्यांतील बैठका यांना अधिक शिस्तबद्ध रूप आले. मोर्चे आणि घोषणा यांपेक्षा हे काम कितीतरी नीरस असते. अंदाजपत्रकातील एकेक लेखाशीर्ष तपासणे, रस्त्याच्या नकाशावर पदपथाची रुंदी मोजणे, हरकतींची मुदत टळू न देणे, अशा कामाला प्रसिद्धी मिळत नाही. चार दशकांच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग अशा कामात खर्ची घालणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

कागदावरचे यश

या प्रयत्नांना यश आले नाही असे म्हणता येणार नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्ते हे वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या येण्याजाण्यासाठी आहेत आणि त्यांतील जागेचे वाटप न्याय्य असले पाहिजे, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मान्य करण्यात आले. देशभरातील ज्या अभ्यासकांनी व संस्थांनी हा विचार वर्षानुवर्षे मांडला होता त्यांचा हा विजयच होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. देशातील हा या प्रकारचा पहिला प्रयोग. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेतून मिळालेल्या निधीतून सायकलमार्गही बांधले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. शेकडो किलोमीटरच्या सायकलमार्गांचे जाळे त्यात आखलेले होते. पुढील वर्षी वाहनतळाचे धोरणही सभागृहासमोर आले.

आता या यशाची दुसरी बाजू पाहावी. सायकलमार्ग बांधले गेले, पण ते सलग नव्हते. कुठे मध्येच विजेचे रोहित्र, कुठे झाड, कुठे टपरी, कुठे उभ्या केलेल्या मोटारसायकली. चौक आला की मार्ग संपे, आणि सायकलस्वाराला नेमके संरक्षण तर चौकातच हवे असते. बसच्या मार्गिकांची गतही फारशी वेगळी झाली नाही. वाहनतळ धोरण मंजूर होताना केवळ पाच रस्त्यांपुरते उरले आणि तेवढ्यावरही त्याची अंमलबजावणी रखडली. २०१७च्या अखेरीस खासगी कंपन्यांनी भाड्याच्या सायकली आणल्या. सवलतीचा काळ सरला, सायकलींची मोडतोड झाली आणि काही वर्षांत त्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. २०१८ मध्ये पुण्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली. शहराच्या तेव्हाच्या अंदाजित लोकसंख्येहूनही ती अधिक होती.

असे का व्हावे? प्रशासनाची अनास्था, ठेकेदारांचे हितसंबंध, नगरसेवकांची अदूरदृष्टी ही नेहमीची कारणे आहेतच. परंतु ही कारणे पाण्याच्या नळालाही लागू पडतात, आणि तरीही नळ शेवटी येतो. कारण नळाला पाणी आले नाही तर वॉर्डातील बायका हंडे घेऊन महापालिकेवर जातात. सायकलमार्ग बंद पडला तर कोणीही जात नाही. पटवर्धनांच्या पिढीने सायकलस्वाराचा पक्ष बुद्धीने, चिकाटीने आणि निःस्वार्थीपणाने मांडला. मात्र ज्याचा पक्ष मांडला तो बांधकामावरचा मजूर, पहाटे वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा पहारेकरी बैठकीत कधी येऊ शकला नाही. बैठक दुपारी असते आणि त्याचा खाडा पडतो. वकील उत्तम असला आणि अशील न्यायालयात हजरच नसला, तर निकालाची अंमलबजावणी करून घेणार कोण? या चळवळीच्या मर्यादेचे मर्म येथे आहे, आणि तो दोष एकट्या कार्यकर्त्यांचा नाही. ज्यांना बोलता-लिहिता येते त्या मध्यमवर्गाने सायकलबरोबर सायकलस्वारालाही सोडून दिले, हे त्याचे खरे कारण आहे.

जागेचा हिशेब

रस्त्याच्या वाटपाचा प्रश्न आकड्यांत मांडला म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून अन्य कामांवर जाणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांना ते कामावर कसे जातात, हे विचारण्यात आले होते. साडेचार कोटी लोक पायी जात होते. सायकलने जाणारे २ कोटी ६० लाखांहून अधिक होते. स्कूटर-मोटारसायकलने जाणारे त्याहून किंचित कमी. मोटार, जीप अथवा व्हॅनने जाणारे होते सुमारे ५४ लाख. म्हणजे कामावर मोटारीने जाणाऱ्या एका माणसामागे सायकलने जाणारे जवळजवळ पाच होते. त्याच जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. त्यानंतरच्या काळात दुचाकी आणि मोटारी खूपच वाढल्या आहेत, हे खरे. तथापि पायी आणि सायकलने जाणारा वर्ग नाहीसा झालेला नाही; तो पहाटे आणि रात्री रस्त्यावर असतो, आणि ज्या वेळी अधिकारी व पत्रकार रस्त्यावर असतात त्या वेळी दिसत नाही, इतकेच.

आता जागेचा हिशेब घ्यावा. एक मोटार उभी करण्यास साधारणतः अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. हे क्षेत्र सुमारे १३५ चौरस फूट भरते. कामगार वस्तीतील दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची असते. ज्या खोलीत चार-पाच माणसांचे कुटुंब भाडे भरून राहते तिच्याहून अधिक सार्वजनिक जागा एक मोटार दिवसभर फुकट वापरते. तेवढ्याच जागेत आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात. फेरीवाला याच जागेत हातगाडी लावू लागला तर ते अतिक्रमण ठरते आणि महापालिकेची गाडी त्याचा माल उचलून नेते. मोटारीला मात्र कोणी अतिक्रमण म्हणत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर येथे एका दुर्मिळ वस्तूची किंमत शून्य ठेवलेली आहे. दुर्मिळ वस्तू फुकट दिली की ती गरजेनुसार वाटली जात नाही. जो प्रथम आणि बळाने बळकावतो त्याच्याकडे ती जाते. रस्त्यावर बळ म्हणजे वाहनाचे वजन.

या बळाची किंमत जिवाने मोजावी लागते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. या दोघांच्या हातून दुसऱ्याचा जीव जाण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. धोका एकाने निर्माण करावा आणि तो दुसऱ्याने सोसावा, अशी ही विपरीत व्यवस्था आहे.

बाहेरच्या देशांत हे सारे पूर्वीच सुटले होते असे मानण्याचे कारण नाही. नेदरलँड्सकडे आज सायकलींचा देश म्हणून बोट दाखविले जाते. परंतु महायुद्धानंतर तेथेही मोटारींसाठी जुन्या पेठा पाडल्या गेल्या आणि सायकल मागे पडत गेली. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यांवर मरण पावले आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मुलांची ही हत्या थांबवा, असे म्हणत आई-वडील रस्त्यावर उतरले. १९७३च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करणे भाग पडले, आणि १९७५ मध्ये सायकलस्वारांची देशव्यापी संघटना उभी राहिली. कोलंबियातील बोगोटा हे तर आपल्यासारखेच विषम उत्पन्नाचे शहर. एन्रिक पेन्यालोसा हे तेथील महापौर झाल्यावर १९९८ ते २००० या तीन वर्षांत त्यांनी पदपथांवरील मोटारी हटविल्या आणि शेकडो किलोमीटरचे सायकलमार्ग बांधण्यास घेतले. त्यांचे प्रतिपादन असे की सुरक्षित सायकलमार्ग हा स्वस्त सायकलीवरच्या नागरिकाला महागड्या मोटारीतल्या नागरिकाइतकाच मान देतो, आणि म्हणून तो लोकशाहीचा विषय आहे. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आढळते. आराखडा नंतर आला. आधी कोणीतरी तो हक्क म्हणून मागितला, किंवा सत्तेवरील माणसाने हक्क म्हणून मान्य केला.

ऐपत आणि आकांक्षा

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या कामगारालाच सायकल नको आहे. त्याला मोटारसायकल हवी आहे. मग सुखवस्तू मंडळींनी त्याला सायकलीचे महात्म्य का सांगावे?

या आक्षेपात तथ्य आहे. या शहराची भरभराटच दुचाकीवर झाली आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे उभे राहिले. हजारो घरांत पहिले नियमित वेतन दुचाकीच्या कारखान्यांतून आले. खेड्यातून आलेल्या तरुणाला मोटारसायकलीने जे स्वातंत्र्य दिले ते तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. चाळीस अंशांच्या उन्हात सिडकोहून वाळूजपर्यंत सायकल हाकणे हा काही आदर्श नव्हे.

परंतु निवड कोणत्या परिस्थितीत केली जाते, हेही पाहावे लागते. बस वेळेवर येत नाही, रस्त्याच्या कडेने सायकल चालविणे जिवावर बेतते, आणि पाळी चुकली तर रोज बुडतो. अशा वेळी घेतलेली मोटारसायकल ही आवडीची खरेदी किती आणि नाइलाजाची किती? तिचा हप्ता आणि पेट्रोल यांचा खर्च कंत्राटी कामगाराच्या पगारातून वजा केला म्हणजे या नाइलाजाची किंमत कळते. ज्या घरात एक दुचाकी असते ती घरचा कर्ता पुरुष नेतो. त्याची पत्नी, मुलगी, म्हातारा बाप यांना पायी, सायकलने, बसने किंवा रिक्षानेच जावे लागते. म्हणून प्रश्न कामगाराला मोटारसायकलवरून उतरविण्याचा नाही. ज्याच्याकडे ती नाही त्याला रस्त्यावर जिवंत राहता यावे, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याला ती रोज काढण्याची सक्ती नसावी, एवढाच आहे.

दुसऱ्या बाजूने सायकलचे जे नवे कौतुक चालले आहे त्याविषयीही सावध असणे जरूर आहे. रविवारी पहाटे शिरस्त्राण घालून, हजारो रुपयांच्या सायकली घेऊन शहराबाहेर फेरी मारणाऱ्यांचे गट आता सर्वत्र झाले आहेत. आरोग्याच्या दृष्टीने हा छंद स्तुत्य आहे. पण छंदाला मैदान लागते. उपजीविकेला रस्ता लागतो. छंदाच्या सायकलमार्गाची सुरुवात बागेत होते आणि शेवटही बागेतच. उपजीविकेच्या सायकलमार्गाने वस्तीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत आणि खोलीपासून महाविद्यालयापर्यंत पोहोचले पाहिजे. पटवर्धनांच्या कार्यातून घेण्यासारखा सर्वांत मोठा धडा हाच की सायकलची बाजू पर्यावरणाच्या नावाने मांडली तर टाळ्या मिळतात, आणि वाटपाच्या नावाने मांडली तर विरोध होतो. त्यांनी विरोधाची वाट सोडली नाही.

या शहरापुढील प्रश्न

छत्रपती संभाजीनगरला पुण्याच्या मानाने एक मोठा लाभ आहे. येथील चुका अजून पुण्याइतक्या पक्क्या झालेल्या नाहीत. जालना रस्त्यावर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको असे एकामागून एक उड्डाणपूल झाले; त्यांखालून पलीकडे जाणाऱ्या पादचाऱ्याची स्थिती त्यामुळे किती सुधारली, हे कोणत्याही सायंकाळी तेथे उभे राहून पाहता येईल. वाळूजपर्यंतच्या अखंड उड्डाणपुलाची चर्चाही वर्षानुवर्षे होत आली आहे. पुलावरून सायकल जात नाही, पुलाखाली तिला जागा उरत नाही, आणि पुलाचा खर्च मात्र सायकलस्वारासह सर्वांच्या करांतून होतो.

उलट बाजूलाही काही घडले आहे, त्याची नोंद घेतली पाहिजे. २०१९च्या प्रारंभापासून स्मार्ट सिटी योजनेतील शहर बससेवा सुरू झाली. २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरांना सायकलस्नेही करण्याचा जो उपक्रम हाती घेतला त्यात या शहरानेही भाग घेतला आणि क्रांती चौक ते रेल्वे स्थानक या रस्त्यावर सायकलसाठी पट्टा आखला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. ही सारी पावले योग्य दिशेची आहेत. परंतु रस्त्यावर मारलेला रंगाचा पट्टा स्वतःचे रक्षण करू शकत नाही. त्यावर पहिली मोटार उभी राहिली आणि तिला कोणी हटकले नाही, की पट्ट्याचा अर्थ संपला. पुण्याने हे वीस वर्षे अनुभवले आहे.

म्हणून आरंभ रंगापासून न करता माणसांपासून करावा. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांच्या फाटकांवर पाळी सुटताना किती सायकली व किती पायी माणसे बाहेर पडतात, याची साधी मोजणी महाविद्यालयांतील विद्यार्थी एका आठवड्यात करू शकतील. शहरातील मुलींच्या वसतिगृहांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून किती जणी सायकल वापरतात, किती जणींना वापरावीशी वाटते आणि भीती कोणत्या चौकाची वाटते, हेही विचारता येईल. ही माहिती हाती आली म्हणजे कोणते तीन-चार रस्ते प्रथम घ्यावयाचे, हे आपोआप ठरेल. ते रस्ते थोडे असावेत, पण घरापासून फाटकापर्यंत सलग असावेत आणि चौकात तुटू नयेत. कारखान्यांतील संघटनांनी वेतनकराराच्या वाटाघाटींत कामावर येण्याजाण्याच्या सुरक्षिततेचा विषय घ्यावा, कारण अपघाताने कामगाराचा पाय गेला तर वेतनवाढीचा त्याला काय उपयोग? महापालिकेने बाजारपेठांतील मोटारतळासाठी माफक का होईना शुल्क घ्यावे आणि ते पदपथ, सायकलमार्ग आणि बस यांवरच खर्च करावे. आणि अशा बैठका सुटीच्या दिवशी वस्तीत घ्याव्यात, म्हणजे ज्यांच्याविषयी निर्णय होतो त्यांना रोज न बुडवता येता येईल.

शिक्षक आणि कारकून या वर्गाची जबाबदारी यात विशेष आहे. एके काळी हाच वर्ग सायकलीवर होता. त्याच्या हातात लेखणी आहे, त्याला अर्ज करता येतो, हरकत नोंदविता येते, अंदाजपत्रक वाचता येते. पटवर्धन हे मुद्रक होते; लिहिलेला शब्द योग्य ठिकाणी पोहोचविणे हा त्यांचा व्यवसायच. तेच कौशल्य त्यांनी सायकलस्वारासाठी वापरले. आपण स्वतः सायकल चालवितो की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. आपल्या वर्गातील मुलगी कोणत्या रस्त्याने येते, आपल्या कार्यालयाचा शिपाई रात्री घरी कसा जातो, एवढे विचारले तरी पुरे.

हे शहर १६१० मध्ये खडकी या नावाने वसले तेव्हा मलिक अंबरने डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. हौदाचे पाणी भरण्यास येणाऱ्याला घोडा आहे की नाही, हे कोणी विचारीत नसे. पाणी सर्वांचे, म्हणून हौद सर्वांचा. चारशे वर्षांपूर्वी पाण्याच्या बाबतीत जे या शहराला समजले होते, ते रस्त्याच्या बाबतीत समजणे अवघड नसावे. शासनाने ज्या मुलीला शाळेत जाण्यासाठी सायकल दिली, ती मुलगी महाविद्यालयात त्याच सायकलीवरून निर्धास्तपणे येऊ शकली, तर या शहराने आपल्या रस्त्यांचे वाटप बरे केले असे म्हणता येईल. तोपर्यंत तिचा वाटा तिला देणे बाकी आहे.